पाणवाटा (लेखांक ९) : नाव गेली, लाट उरली

पर्लकोटा नदीची गोष्ट याही आठवड्यात थांबणार. भामरागडच्या पुलावर पाणी कसं चढतं आणि इंद्रावती फुगली की पर्लकोटा मागे का तुंबते, हे सांगायचं कबूल केलं होतं. पण आरमोरीकडच्या एका शिक्षक वाचकांचं पत्र आलं आणि सगळा बेत फिसकटला. ते विचारतात : 'तुम्ही धारेबद्दल लिहिलंत, भोवऱ्याबद्दल लिहिलंत. पण पुरात मोटरबोट जवळून गेली की आमच्या गावचे ढिवर शिव्या घालतात, त्याबद्दल काहीच नाही. बोटीची लाट आली की डोंगा वळवायचा कुठे? लाटेकडे, की लाटेपासून दूर?'

प्रश्न माझ्या आवडीचा आहे, त्यामुळे आजचा सगळा लेखांक त्यालाच देतो.

लाटा समुद्राच्या, वैनगंगेला कुठल्या, असं काही जण म्हणतील. नदीत लाट उठायला तीन कारणं पुरतात : तळातला खडक, वारा आणि दुसरी नाव. खडकाचं गेल्या खेपेला झालं. वाऱ्याचं थोडक्यात उरकतो.

वाऱ्याची लाट किती वाढेल हे तीन गोष्टींवर ठरतं : वाऱ्याचा जोर, तो किती वेळ टिकला आणि त्याला मोकळं पाणी किती लांब मिळालं. वारा नदीला आडवा वाहत असेल तर त्याला एवढी लांबी मिळत नाही, म्हणून लाट फार वाढत नाही. मात्र वारा पात्राच्या रेषेत, धारेच्या उलट वाहत असेल तर लाटा आखूड आणि उभ्या होतात. अशा वेळी थांबलेलं बरं. इरईच्या जलाशयावर गोष्ट आणखी वेगळी. तिथे तीन किलोमीटर मोकळ्या पाण्यावर ताशी ५० किलोमीटरचा वारा पाऊण तास टिकला, तर साधारण ४० सेंटिमीटर उंचीच्या लाटा उठतात. भरलेल्या डोंग्याची कड पाण्यावर असते जेमतेम वीतभर. पुढचा हिशेब ज्याचा त्याने करावा. २१ मे २०२४ रोजी उजनीच्या जलाशयात कुगावहून कळाशीला निघालेली नाव संध्याकाळच्या वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. वळवाचे दिवस, दुपार उलटलेली, आभाळ काळवंडलेलं, अशा वेळी मोठ्या पाण्यात नाव घालूच नये. त्या वेळी काठावर बसून राहणं यातच नावाड्याचं कसब आहे.

आता तिसऱ्या लाटेकडे, म्हणजे बोटीच्या लाटेकडे येऊ.

१८८७ साली लॉर्ड केल्विन यांनी गणिताने दाखवलं की खोल पाण्यातून सरळ जाणाऱ्या कुठल्याही वस्तूमागे लाटांची एक पाचर उमटते आणि तिची प्रत्येक बाजू वाटेशी साधारण साडेएकोणीस अंशांचा कोन करते. ताडोबाच्या तलावातली अडई असो की समुद्रातलं मालवाहू जहाज, कोन तोच. पाण्यावरून घसरत जाणाऱ्या फार वेगवान बोटीमागे मोठ्या लाटा याहूनही अरुंद कोनात गोळा होतात. गणित इथेच सोडू, पण त्यातून निघणारी एक गोष्ट प्रत्येक नावाड्याने गाठीला बांधावी. समजा, तुमच्यापासून १०० मीटरवरून ताशी २० किलोमीटर वेगाने मोटरबोट गेली. तिची लाट तुमच्यापर्यंत यायला पाऊण मिनिटाहून जास्त वेळ लागतो. तोवर बोट पावणेतीनशे मीटर पुढे निघून गेलेली असते, आवाजही विरत आलेला असतो. डोंग्यातल्यांचा हात हलवून झालेला असतो, मोबाइलवर व्हिडिओ काढून झालेला असतो, आणि नीट दिसावं म्हणून कुणीतरी उठून उभं राहिलेलं असतं. लाट येते ती नेमकी तेव्हा, बाजूने. आधी एक-दोन बारीक येतात, मग दोन-तीन थोराड. बारीक गेल्या म्हणजे संपलं, असं समजून माणसं सैल होतात.

म्हणून पहिला नियम असा : बोट गेली म्हणजे धोका टळला असं नाही. खरं काम तिथून सुरू होतं.

दुसरी गोष्ट मोटर चालवणाऱ्यांसाठी आहे आणि ती बहुतेकांना उलटीच वाटते. इंजिनाचा कान पिळला की बोटीच्या मागे बघा. सुरुवातीला बोट हळू असते, मागे पाणी जेमतेम हलतं. वेग वाढला की बूड खाली बसतं, तोंड वर उचलतं आणि मागे पाण्याचा उंच ढिगारा ओढला जातो. आणखी वेग दिला की बोट त्या ढिगाऱ्यावर चढते, सपाट होते, पाण्यावरून घसरू लागते आणि मागची लाट पुन्हा लहान होते. सगळ्यात वाईट लाट असते ती मधल्या टप्प्यातली. समोर डोंगा दिसला म्हणून सज्जन माणूस वेग 'अर्धा' करतो आणि नेमका त्याच टप्प्यात येऊन बसतो. त्याला वाटतं आपण माणुसकी दाखवली. डोंग्यातल्यांच्या वाट्याला मात्र दिवसातली सगळ्यात मोठी लाट येते.

पूरग्रस्तांना काढताना तर हे जवळपास अटळ होतं. २०२० च्या ऑगस्टअखेर गोसीखुर्दचे दरवाजे उघडले आणि वैनगंगाकाठची गावं पाण्यात गेली, तेव्हा ब्रह्मपुरीपासून खाली ठिकठिकाणी बोटी धावत होत्या. जुलै २०२२ मध्ये गोदावरी-प्राणहितेच्या पुरात सिरोंच्याकडेही तेच झालं. रबरी बोट रिकामी जाते तेव्हा घसरत, हलकी जाते. परत येताना तीत दहा माणसं, गाठोडी, एखादी शेळी असते. इतक्या वजनाला ती पाण्यावर चढू शकत नाही. कितीही कान पिळा, बूड खालीच राहतं आणि ती नांगरल्यासारखं पाणी ढकलत येते. म्हणजे लाट सर्वांत मोठी होते ती गावातून माणसं काढून आणताना, आणि गावाजवळ डोंगे सर्वांत जास्त असतात तेही तेव्हाच. ढिवर शिव्या घालतात त्याचं कारण हे आहे.

उथळ पाण्यात याहून वाईट. उथळ पाण्यात लाटेचा वेग खोलीवर ठरतो. मीटरभर पाण्यात लाटेचा जास्तीत जास्त वेग ताशी ११ किलोमीटर. बोटीचाही वेग तेवढाच झाला की तिने उठवलेलं पाणी तिच्यापासून सुटतच नाही, साचत साचत वाढतं. पुराचं पाणी शेतात पसरलेलं असतं तिथे खोली साधारण एवढीच असते आणि बोटीही साधारण याच वेगाने चालतात. घराच्या भिंती, पुलाचे खांब, घाटाच्या पायऱ्या यांच्यावर लाट आदळून परत येते, आणि परतणारी लाट येणाऱ्या लाटेवर चढली की डोंग्याखालचं पाणी दोन्हीकडून उसळतं.

हा त्रास काही आपल्याच नद्यांपुरता नाही. व्हेनिसमध्ये मोटरबोटींच्या लाटांनी घरांचे पाये झिजतात, वल्ह्याच्या नावांना कालव्यात राहणं अवघड होतं. म्हणून तिथल्या बहुतेक कालव्यांत ताशी ५ ते ७ किलोमीटरची मर्यादा घातली आहे. १९७५ साली तिथल्या वल्हेकऱ्यांनी याच लाटांचा निषेध म्हणून 'वोगालोंगा' सुरू केली. त्या दिवशी हजारो माणसं फक्त वल्ह्यांच्या नावा घेऊन पाण्यात उतरतात. पन्नास वर्षं उलटून गेली, ती अजून चालू आहे. गाऱ्हाणं पाण्यावर उतरून मांडायची ही रीत मला फार आवडते.

आता पत्राचं उत्तर. डोंगा वळवायचा तो लाटेकडे. लाट बाजूवर घेतली तर अरुंद डोंगा सरळ उलटतो. लाटेकडे पाठ करून पळायला गेलात तर लाट मागचं टोक उचलते, पुढचं टोक पाण्यात रुततं आणि डोंगा आपोआप आडवा फिरतो, म्हणजे पुन्हा बाजूवरच. म्हणून तोंड लाटेकडे. पण अगदी नाकासमोर नको, किंचित तिरकं. डोंग्याचं तोंड बुटकं असतं. आखूड, उभ्या लाटेत ते सरळ घुसलं तर पाणी आत येतं, थोडं तिरकं असलं तर लाटेवर चढतं. मोटरबोटीला यापेक्षा जास्त तिरकं चालतं, कारण ती रुंद असते. डोंग्याला ती चैन नाही.

फार वेग घ्यायचा नाही; डोंगा वळेल एवढीच गती ठेवायची. वल्हं पाण्यातच ठेवायचं, ते वर उचललं की एक आधार गेला. बांबूने नाव रेटणाऱ्याने लाट येताना बसून घ्यावं. उभ्या माणसाचं वजन वर असतं आणि डोलणं तिथून सुरू होतं. बाकीच्यांनी मधे, तळाशी, गुडघे दुमडून बसावं, कडेला धरून बाहेर झुकू नये आणि जागचं हलू नये. लाटेने उलटलेल्या डोंग्यांपेक्षा लाट बघून घाबरून एका बाजूला सरकलेल्या माणसांनी उलटवलेले डोंगे जास्त असतील, असं मी बऱ्याच नावाड्यांकडून ऐकलं आहे, आणि मला ते पटतं.

लाट येताना काठाकडे धावायचा मोह टाळावा. काठाशी पाणी उथळ, तिथे लाट उभी राहून फुटते आणि परतही येते. काठापासून दूर, खोल पाण्यात तीच लाट डोंग्याखालून निघून जाते. फक्त धारेत वाहून जाण्याचा धोका नसेल तेव्हाच हे खरं.

लाट गेल्यावर आधी पाणी उपसा. पाच मीटर लांब, अर्धा मीटर रुंद डोंग्यात चार बोटं पाणी आलं तर दीडशे किलोच्या आसपास वजन वाढलं. आणि हे वजन जागेवर बसून राहत नाही. परातीत पाणी भरून चालून बघा. परात जिकडे कलेल तिकडे पाणी आधी पळतं आणि ती आणखी कलते. अर्धा भरलेला डोंगा पुढच्या लाटेत टिकत नाही. म्हणून पाणी उपसायचं डबडं दोरीने बांधलेलं असावं. एकदा पाण्यात पडलं की त्याचा उपयोग नाही.

लोकांना बुडवतं ते बहुतेक वेळा वजनच. सप्टेंबर २०२१ मध्ये अमरावती जिल्ह्यात झुंज इथे वर्धेत नाव उलटून ११ जण गेले. हीच वर्धा खाली आपल्या भागात येते. जानेवारी २०२४ मध्ये चामोर्शी तालुक्यात गणपूरजवळ वैनगंगेत नाव उलटली आणि मिरची तोडायला पलीकडे निघालेल्या सहा महिला मजुरांचा जीव गेला. जानेवारीत पूर नसतो, नदी शांत असते. नाव उलटायला मोठी लाट लागतेच असं नाही, एवढं तरी त्यातून कळावं. सकाळी मजुरी चुकू नये म्हणून एकाच फेरीत सगळ्यांना न्यायची घाई असते, हे मला माहीत आहे. तरीही कड पाण्यापासून वीतभर राहिली पाहिजे. ती वीत सरली की दुसरी फेरी करायची.

नाव उलटलीच तर काय? कोरलेला लाकडी डोंगा पाण्याने भरला तरी सहसा तरंगत राहतो. त्याला धरून राहा, पोहत काठ गाठायच्या भानगडीत पडू नका. पत्र्याची नाव मात्र भरली की तळाला जाते. शंभर किलो पत्र्याच्या नावेला तरंगत ठेवायला २० लिटरचे पाच कॅन पुरतात. झाकण घट्ट, बुडाशी आणि फळीखाली दोरीने पक्के बांधलेले. एवढ्यात नाव नुसती तरंगेल; माणसांना धरायला आधार हवा तर आणखी दोन-तीन कॅन बांधा. तेलाचे रिकामे कॅन भंगारात किरकोळ किमतीला मिळतात. बायका-मुलांना तरंगतं जाकीट मिळालं तर उत्तमच, पण ते मिळेपर्यंत कॅन तरी बांधा.

मोटर चालवणाऱ्यांना, मग ते बचाव पथकातले असोत की पर्यटकांना फिरवणारे, एकच विनंती. डोंगा दिसला तर 'अर्धा वेग' करू नका. जागा असेल तर लांबून, सपाट वेगाने जा. जागा नसेल तर वेग इतका उतरवा की मागे लाटच उठणार नाही, आणि डोंगा ओलांडून बरंच पुढे जाईपर्यंत वाढवू नका. बोट भरलेली असेल तर सपाट वेगाने जायचा पर्याय उरतच नाही, हळूच जायला हवं. बचावाच्या घाईत दोन मिनिटं जास्त लागतील. ती लागू द्या. आपण उठवलेली लाट ही आपलीच जबाबदारी आहे, मागे वळून पाहिलं असो वा नसो.

पुढच्या आठवड्यात पर्लकोटा, नक्की. भामरागड, आलापल्ली भागातल्या वाचकांनी जुन्या पुलावर पाणी चढतानाचे आपले अनुभव तोवर कळवावेत. पाणी आधी कोणत्या बाजूने चढलं, वरून की खालून, एवढं तरी नक्की लिहा.