वाङ्मयांतील स्त्री आणि निबंधलेखक

कोपरगांवीं गोदावरीच्या बेटावर शुक्राचार्यांचें देऊळ आहे, आणि कचेश्वराचेंहि. कचानें संजीवनी विद्या मिळविली ती याच ठिकाणीं, असें तेथील लोक सांगतात. महाभारतांत कोपरगांवाचा उल्लेख नाहीं; तेथें वृषपर्वा नांवाच्या असुरराजाची नगरी आहे, एवढेंच. पण गांवानें ही कथा आपली मानली आहे, ती इतकी कीं, इकडच्या सहकारी साखर कारखान्याचें नांवहि पूर्वीं संजीवनीच होतें. याच गांवांत राघोबादादा पेशव्यांचा वाडा आहे, आणि आनंदीबाईंच्या वैधव्याचीं पहिलीं वर्षें येथेंच गेलीं. म्हणजे मराठी वाङ्मयानें ज्यांच्याविषयीं बरेंवाईट पुष्कळ लिहिलें, अशा दोन स्त्रियांची आठवण एकाच तालुक्याच्या गांवाशीं जोडलेली आहे. वाङ्मयांतील स्त्री व तिचें स्वत्व या विषयावर निबंध कसा लिहावा, हें मला आज सांगावयाचें आहे. तेव्हां उदाहरणांसाठीं दूर जाण्याचें कारण नाहीं.

प्रथम स्वतःची एक चूक सांगतों. पुष्कळ वर्षांपूर्वीं मी एका शाळेंत मराठी शिकवीत होतों. ‘देवयानीचें स्वभावचित्र’ हा निबंधाचा विषय मींच घातला होता. चाळीस वह्या आल्या, आणि बहुतेक वह्यांत एकच मजकूर : देवयानी गर्विष्ठ, हट्टी, सूडबुद्धीची; शर्मिष्ठा नम्र, त्यागी, सोशिक. एका मुलीनें मात्र मध्येंच एक प्रश्न घातला होता. कचानें देवयानीला नाकारलें तें ती गुरूची मुलगी म्हणून. शर्मिष्ठेनें तिला विहिरींत लोटलें तेंहि ती याचकाची मुलगी म्हणून. मग ती स्वतःची अशी कोण, असें तिनें विचारलें होतें. मीं समासांत तांबड्या शाईनें ‘विषयांतर’ असा शेरा मारला आणि दोन गुण कापले. त्या चाळीस वह्यांतील दुसरें एकहि वाक्य आज मला आठवत नाहीं.

विषयांतर माझेंच झालें होतें. स्वभावचित्र म्हणून आपण जें लिहितों व मुलांकडून लिहवून घेतों, तें बहुधा न्यायाधीशाचें निकालपत्र असतें. पात्राला पिंजऱ्यांत उभें करावयाचें, गुणदोषांच्या दोन याद्या करावयाच्या आणि शेवटीं निकाल द्यावयाचा. त्यांतहि एक भेद आपण नकळत करतों. पुरुषपात्राच्या वेळीं त्याचें कार्य पाहतों, स्त्रीपात्राच्या वेळीं तिचा स्वभाव. कच देवांचें काम साधून गेला, म्हणून तो कर्तव्यदक्ष. देवयानी रागावली, म्हणून ती रागीट. परंतु देवयानी ही कांहीं आपल्या शेजारीं राहणारी बाई नव्हे, कीं तिच्याकडे जाणेंयेणें ठेवावें कीं नाहीं हें आपणांस ठरवावयाचें आहे. ती शब्दांची बनलेली आहे. ते शब्द कोणीं, कोणत्या क्रमानें आणि काय साधण्यासाठीं योजिले, हें पाहणें हें निबंधलेखकाचें काम.

आतां मूळ ग्रंथच उघडूं. आदिपर्वांत देव कचाला शुक्राचार्यांकडे पाठवितात तेव्हांच सांगून ठेवतात कीं, आचार्यांची आणि त्यांच्या लाडक्या लेकीची मर्जी संपादन कर. ती प्रसन्न झाली कीं विद्या मिळालीच म्हणून समज. कच त्याप्रमाणें गातो, नाचतो, वाद्यें वाजवितो, फुलेंफळें आणून देतो. असुर त्याला मारून लांडग्यांना घालतात; पुढें त्याचें पीठ करून तें समुद्रांत मिसळतात; तिसऱ्या वेळीं त्याला जाळून ती राख मद्यांतून खुद्द शुक्राचार्यांच्याच पोटांत घालतात. तिन्ही वेळां देवयानी वडिलांपाशीं हट्ट धरते म्हणून तो जिवंत होतो, आणि शेवटच्या खेपेस त्याला विद्या मिळते तीहि याच कारणानें. मग विद्या घेऊन तो निघतो, ती लग्नाचें विचारते, तो नाहीं म्हणतो आणि ती शाप देते.

आपल्याकडे प्रचलित असलेल्या सारांशांत देवांची ती पहिली सूचना बहुधा गाळलेली असते. ती गाळली कीं देवयानीचें प्रेम हा नुसता मोह ठरतो आणि तिचा राग हा अहंकार ठरतो. ती ठेवली तर निराळेंच कांहीं दिसूं लागतें : जिच्या प्रेमाचा उपयोग करावयाचें आधींच ठरलें होतें, तिला तेवढें कोणीं सांगितलें नव्हतें. एका वाक्याच्या असण्यानसण्यानें सबंध पात्र पालटतें. म्हणूनच सारांशावरून निबंध लिहूं नये. यावरून कचाला लबाड ठरवावें, असें मात्र मी म्हणत नाहीं. तसें केलें तर पिंजऱ्यांतला आरोपी तेवढा बदलेल, आणि निबंध पुन्हा निकालपत्रच राहील.

दुसरें पाहण्याजोगें म्हणजे तिला कोण कोणत्या नात्यानें संबोधतो. कचाचा नकार नावडीचा नव्हे. तूं गुरुकन्या म्हणून मला पूज्य, आणि मी तुझ्या पित्याच्या उदरांत राहून आलों म्हणून तूं माझी बहीण, असें त्याचें म्हणणें. पुढें शर्मिष्ठेशीं भांडण लागतें तें वस्त्रांच्या अदलाबदलीवरून, पण क्षणांत तें बापांवर जातें : एकीचा बाप राजा, दुसरीचा त्याची स्तुति करून दान घेणारा. दोन तरुण मुली भांडतात, आणि दोघींजवळहि बापाच्या प्रतिष्ठेवांचून दुसरें शस्त्र नाहीं! विहिरींत पडलेल्या देवयानीला ययाति हात धरून वर काढतो. पुढें तो वनांत पुन्हा भेटतो, तेव्हां त्या धरलेल्या हाताचेंच ती पाणिग्रहण ठरविते. वाटल्यास याला हट्ट म्हणावें. मला तें शिकलेलें वाटतें. नात्याचा अर्थ लावून कचानें तिला नाकारलें होतें. आतां अर्थ ती स्वतः लावते आणि राजाला बांधून घेते. तिचें स्वत्व प्रथम दिसतें तें येथें. मात्र त्याच प्रसंगीं शर्मिष्ठा दासी होऊन तिचे पाय चेपीत बसलेली आहे, हेंहि ग्रंथांत आहे. एकीचें स्वत्व दुसरीच्या दास्यावर उभें राहतें, ही अडचणीची गोष्ट निबंधांत झांकूं नये. जो पुरावा आपल्या मताच्या आड येतो तोच आधीं मांडावा. निबंधाला वजन येतें तें त्यानें.

आणि मग ती बोलावयाची थांबते. शर्मिष्ठेचे मुलगे बोट दाखवून ययाति हाच आपला बाप असें सांगतात, देवयानी पित्याकडे जाते, शुक्राचार्य राजाला जरेचा शाप देतात. येथून पुढें कथा बापाची आणि मुलांची होते. तारुण्य कोण देतो, राज्य कोणाला मिळतें, यदूला कीं पुरूला, याची चर्चा होते. जिच्या तक्रारीवरून हें सारें घडलें, तिच्या मनाची विचारपूस कोणी करीत नाहीं. पात्र कोठें बोलतें हें सगळेच टिपून ठेवतात. कोठें गप्प झालें तेंहि टिपावें.

एकच कथा निरनिराळ्या हातांत गेली कीं हें काम सोपें होतें. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनीं १९१३ सालीं ‘विद्याहरण’ लिहिलें. त्या नाटकाचा रोख मद्यपानाच्या अनर्थावर आहे. म्हणजे महाभारतांतील कथेचा एक धागा त्यांनीं हातीं घेतला आणि देवयानीचें प्रेम त्याच्या कडेनें विणलें. त्या काळीं स्त्रियांच्या भूमिका पुरुष करीत, आणि देवयानी म्हणून रंगभूमीवर येत ते बालगंधर्व. प्रेक्षकांनीं जी देवयानी डोळेभर पाहिली ती पुरुषानें लिहिलेली व पुरुषानें उभी केलेली होती. हें सांगण्यांत त्या थोर नटाचा अनादर नाहीं, पण निबंधांत याचा एका वाक्यानें तरी विचार झाला पाहिजे. वि. स. खांडेकरांच्या १९५९ सालच्या ‘ययाति’ कादंबरीची रचना आणखी विचार करावयास लावणारी आहे. तींत ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापली हकीकत स्वतः सांगतात. विद्यार्थी लगेच लिहितात कीं, खांडेकरांनीं देवयानीला वाणी दिली. दिली खरी, पण तिच्या तोंडीं मुख्यतः महत्त्वाकांक्षा आणि मानापमान घातला, व शर्मिष्ठेच्या तोंडीं निरपेक्ष प्रेम. ‘मी’ या शब्दानें वाक्य सुरू झालें म्हणजे त्यांतला ‘मी’ स्वतंत्र झाला असें होत नाहीं. या कादंबरीला १९७४ सालचा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला; त्या गौरवानें दबून जाऊन ही शंका मनांत ठेवूं नये. वि. वा. शिरवाडकरांचें ‘ययाति आणि देवयानी’ हें १९६६ सालचें नाटक शेजारीं ठेवून वाचलें, तर तुलनेला आणखी एक बाजू मिळते.

सर्वांत धीटपणा केला तो कानडींत गिरीश कर्नाडांनीं. त्यांच्या १९६१ सालच्या ‘ययाति’ नाटकांत पुरूची पत्नी चित्रलेखा येते. बापासाठीं तारुण्य देऊन पति म्हातारा झाला. पण त्या तारुण्यावर त्याच्या बायकोचाहि कांहीं हक्क होता, हें आपल्याला सुचलेंच नव्हतें. तो प्रश्न ती थेट सासऱ्यापुढें टाकते, आणि शेवटीं विष घेते. मूळ कथेच्या या प्रसंगांत जी स्त्री नव्हती ती नाटककारानें उभी केली, आणि त्यामुळें मूळ कथेंतील रिकामी जागा दिसली.

आतां आनंदीबाई. येथें निबंधलेखकाला दुप्पट सावध राहिलें पाहिजे, कारण ही बाई शब्दांची बनलेली नव्हती. ती हाडामांसाची होती, आणि शब्द मागाहून तिच्यावर बसले. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत गारद्यांनीं नारायणरावांचा खून केला. आनंदीबाईंनीं हुकुमांतील ‘धरावे’ या शब्दाचा ‘मारावे’ केला, ही आख्यायिका घरोघर ठाऊक आहे. ती भाषेंत इतकी मुरली कीं, ‘ध’ चा ‘मा’ करणें हा वाक्प्रचार इतिहासाची ओळख नसलेला मनुष्यहि वापरतो. खाडिलकरांच्या १९०९ सालच्या ‘भाऊबंदकी’नें ती आनंदीबाई रंगभूमीवर आणली. त्यानंतरचें त्यांचें आयुष्य मात्र फारसें कोणाला ठाऊक नसतें. १७८२ च्या सालबाईच्या तहानंतर राघोबादादा कोपरगांवीं येऊन राहिले आणि १७८३ च्या डिसेंबरांत वारले. बाजीराव त्या वेळीं आठ वर्षांचे होते, आणि चिमाजीअप्पांचा जन्म बापाच्या मागें, १७८४ सालीं झाला. पुढें मुलांसह त्या नाशिकजवळ आनंदवल्लीस गेल्या आणि १७९४ सालीं तेथेंच वारल्या. पतिनिधनानंतरचीं हीं दहा वर्षें वाङ्मयाच्या उपयोगाचीं ठरलीं नाहींत. एक अक्षर ठरलें.

त्या अक्षरांतहि एक गोष्ट सहसा कोणी बोलून दाखवीत नाहीं. आख्यायिका खरी माना किंवा न माना, ती सांगणारानें आनंदीबाईंच्या हातीं लेखणी दिलेली आहे. लिहितां येणारी बायको ही त्या समाजाला इतकी अवघड गोष्ट वाटली काय, कीं तिच्या लेखणीची एकच आठवण राहावी आणि ती खुनाची असावी? हा माझा तर्क आहे, सिद्धांत नव्हे. निबंधांत तर्क घालावयाचा तर तो तर्क म्हणूनच घालावा. आणि ‘भाऊबंदकी’वर लिहितांना नाटकांतील आनंदीबाई नाटकावरून सिद्ध करावी, इतिहासांतील आनंदीबाई कागदपत्रांवरून. या दोघींची सरमिसळ झाली कीं आपणहि ‘ध’ चा ‘मा’ केलाच म्हणून समजावें.

हा विचार आजचा नाहीं. १८८२ सालीं बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहून आपल्या काळच्या नाटक-कादंबऱ्यांतील स्त्रीचित्रांची उलटतपासणी केली. दोष लिहिणाराचा, मग शिक्षा लिहिलेलीला कां, हा त्यांच्या बोलण्याचा एक रोख होता. ती पुस्तिका मागें पडली. १९७५ सालीं स. गं. मालशे यांनीं ती पुन्हा प्रकाशांत आणली. त्यापूर्वीं १९६७ सालीं इरावती कर्वे यांचें ‘युगान्त’ आलें होतें. त्यांतील गांधारी, कुंती आणि द्रौपदी यांच्यावरील लेख कोणत्याहि विद्यार्थ्यानें समोर ठेवावे. संशोधित प्रतींत काय आहे आणि मागाहून काय चिकटलें, हें बाई आधीं वेगळें करतात आणि मग बोलतात. ताराबाईंचा त्वेष आणि इरावतीबाईंची शिस्त, दोन्हींची गरज लागते. पण आरंभ शिस्तीनें करावा. त्वेष असला तर तो आपोआप येतो.

घरांत एखादी मुलगी किंवा मुलगा असा निबंध लिहावयास बसला असेल, तर त्याला पहिलें वाक्य ‘स्त्री ही अनादि काळापासून’ असें लिहूं देऊं नका. ग्रंथांतील एका प्रसंगानें आरंभ करावा आणि त्या प्रसंगांतून निघणारा एकच प्रश्न पुढें ठेवावा. माझ्या त्या विद्यार्थिनीनें विचारला तसा असला तर उत्तमच. उत्तर पुरें सांपडलें नाहीं तरी चालेल, पण प्रत्येक परिच्छेदानें त्या प्रश्नाकडे परत आलें पाहिजे. दुसऱ्या टीकाकाराचें मत घ्यावयाचें तर नांव सांगून घ्यावें आणि तें आपणांस कां पटलें किंवा पटलें नाहीं तें लिहावें. ‘आदर्श’, ‘पतिव्रता’, ‘कुलटा’, ‘बंडखोर’ हे शब्द शक्य तों टाळावे. शेवटचाहि टाळावा, कारण तोहि आतां शिक्क्यासारखाच वापरला जातो.

आदिपर्वांतील हा भाग फार मोठा नाहीं. कागद-पेन्सिल जवळ घेऊन, देवयानीला कोण काय म्हणून हांक मारतो तें टिपीत वाचला, तर दोन संध्याकाळीं वाचून होतो. शर्मिष्ठेसाठीं तिसरी संध्याकाळ वेगळी राखून ठेवावी.