बिघाड यंत्रात की मालकाच्या नजरेत?

मायकेल क्रायटन यांनी लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला ‘वेस्टवर्ल्ड’ हा अमेरिकन चित्रपट १९७३ साली आला. बिघडलेल्या यंत्रमानवांची थरारकथा, अशीच त्याची ओळख सांगितली जाते. आमचा प्रश्न वेगळा आहे. हा बिघाड नेमका कोणाचा?

डेलॉस नावाच्या करमणूक नगरीत दिवसाला १००० डॉलर मोजणाऱ्याला काउबॉयचा मुलूख, मध्ययुगीन युरोप किंवा प्राचीन रोम उपभोगता येतो. तेथील यंत्रमानव हुबेहूब माणसासारखे. पाहुण्यांनी त्यांना गोळ्या घालाव्यात, त्यांच्याशी शय्यासोबत करावी. रात्री कर्मचारी मोडकी शरीरे गोळा करून दुरुस्त करतात आणि पुन्हा मरायला उभी करतात.

एके दिवशी मध्ययुगीन विभागातील यंत्र-दासी पाहुण्याला नकार देते. लगेच तिची तपासणी सुरू होते. पुढे यूल ब्रायनर यांनी साकारलेला बंदूकबाज खरोखरच माणूस मारतो. व्यवस्थापनाच्या लेखी दोन्ही गोष्टी एकच : बिघाड! वकिली करणाऱ्या आम्हाला खरी मेख येथेच दिसते. नकार हा हक्क आहे, खून हा गुन्हा आहे. मालकाच्या वहीत मात्र रकाने दोनच असतात : आज्ञाधारक आणि बिघडलेला.

यंत्राला कसले आले हक्क, असे कोणी म्हणेल. मान्य. या यंत्रांना मन आहे, असा दावा चित्रपटही करत नाही. पण ‘रोबोट’ हा शब्द कारेल चापेक यांच्या १९२० च्या ‘आर. यू. आर.’ या चेक नाटकातून आला. त्यामागचा चेक शब्द ‘रोबोटा’, म्हणजे वेठबिगारी! मालकाला कसा मजूर हवा असतो, हे त्या शब्दानेच सांगून टाकले.

मग जबाबदार कोण? मुख्य पर्यवेक्षक धोक्याचा इशारा देतो, तरीही आलेल्या पाहुण्यांसाठी नगरी चालूच राहते. काही यंत्रे संगणकांनीच रचलेली असल्याने ती नेमकी कशी चालतात हे आपल्यालाही ठाऊक नाही, अशी कबुलीही तो देतो. शेवटी वीज तोडली जाते, दारे उघडत नाहीत आणि नियंत्रण कक्षातील तंत्रज्ञ गुदमरून मरतात. धोका ठाऊक असताना धंदा चालू ठेवणे, याला कायद्यात यंत्राचा बिघाड म्हणत नाहीत; निष्काळजीपणा म्हणतात.

आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या जमान्यात ‘मशीनची चूक झाली’ असे कोणी सांगितले, तर वाचकहो, एवढेच विचारा : ते मशीन कोणी चालू ठेवले, आणि कोणाच्या फायद्यासाठी?