पुठ्ठ्याची वाघीण

मालगाडीच्या डब्याला मराठीत वाघीण म्हणतात. ‘वॅगन’ या इंग्रजी शब्दाचेच हे मराठी रूप! अशी वाघीण आणि तिच्यासाठी लहानशी गोदी घरी तयार करता येते.

आधी प्रमाण ठरवावे. पुष्कळ हौशी लोक ८७ पट लहान प्रतिकृती करतात. या प्रमाणात ७ मीटर लांबीची वाघीण सुमारे ८ सेंटीमीटर होते. गोदीतला हमालही जेमतेम २ सेंटीमीटर उंच हवा, नाहीतर तो डब्याच्या दारात मावणार नाही.

डबा जाड पुठ्ठ्याचा करावा. चाके मात्र विकत आणलेली बरी. हलका डबा रुळांवरून घसरतो. म्हणून छप्पर चिकटवण्यापूर्वी तळाशी लोखंडी नट चिकटवावेत.

खरी कसोटी धक्क्यावर आहे. मुंबईच्या गोदीत १९१५ साली पोर्ट ट्रस्टची रेल्वे सुरू झाली. धक्क्यावर हातगाड्या आणि मोटारीही ये-जा करतात. त्यामुळे तेथे रूळ जमिनीच्या पातळीत बसवतात. हे दाखवण्यासाठी रुळांच्या दोन्ही बाजूंना पुठ्ठा लावावा. पण तो रुळांपेक्षा किंचित खाली असावा. शिवाय चाकाची कड रुळाच्या आतल्या बाजूने फिरते. तिच्यासाठी तेथे अरुंद फट ठेवावी. मी ती ठेवली नव्हती. माझी पहिली वाघीण तेथेच उलटली!

पाणी निळे रंगवू नका. गोदीचे पाणी हिरवट, गढूळ असते. रंग वाळल्यावर व्हार्निशचा हात द्यावा. लाकडाच्या तुकड्यांना गोणपाट गुंडाळून दोऱ्याने बांधले, की कापसाच्या गासड्या तयार.