आयबीडी: आतड्याचे पहारेकरी आतड्यावरच का उलटतात?

कित्येक आठवडे जुलाब, शौचातून रक्त, पोटात कळा, घटत जाणारं वजन. अशा वेळी 'उष्णता झाली' किंवा 'मूळव्याध असेल' असं म्हणून दिवस ढकलले जातात. पण यामागे इन्फ्लमेटरी बॉवेल डिसीज, म्हणजेच आयबीडी असू शकतो. क्रोन्स डिसीज आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस हे त्याचे दोन मुख्य प्रकार.

आयबीडी हा तिखट खाल्ल्याने होणारा आजार नाही आणि तो एकाकडून दुसऱ्याला लागतही नाही. मग नेमकं बिघडतं काय?

भिंत सैल पडते

आतड्यात अब्जावधी जिवाणू राहतात. ते आणि आपलं शरीर यांच्यामध्ये पेशींचा फक्त एकपदरी थर असतो. त्यावर म्युकसचा चिकट लेप असतो आणि शेजारशेजारच्या पेशी प्रथिनांनी घट्ट जोडलेल्या असतात. आयबीडीत हा लेप कमजोर होतो, जोड सैल पडतात आणि जिवाणू आतल्या भागात शिरतात.

ओळखण्यात गडबड होते

2001 साली क्रोन्सशी संबंध असलेलं 'एनओडी2' हे जनुक सापडलं. जिवाणूंच्या आवरणाचा तुकडा ओळखणारं प्रथिन या जनुकामुळे तयार होतं. त्यात दोष असेल तर आत आलेल्या जिवाणूंचा बंदोबस्त वेळेवर होत नाही.

आज आयबीडीशी जोडलेल्या 200 हून अधिक जागा आपल्या जनुकांमध्ये माहीत आहेत. तरीही एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला हा आजार झाला, तर दुसऱ्याला तो होतोच असं नाही. म्हणजे जनुकांसोबत इतर कारणंही लागतात. उदाहरणार्थ, धूम्रपानाने क्रोन्सचा धोका वाढतो.

लढाई थांबत नाही

जिवाणू आत शिरले की मॅक्रोफेज नावाच्या पेशी टीएनएफ, इंटरल्यूकिन-23 अशी रासायनिक संदेश देणारी प्रथिनं सोडतात. त्यामुळे टी-पेशी लढाईत उतरतात. एरवी काम झालं की नियंत्रक टी-पेशी ही लढाई थांबवतात. आयबीडीत हा ब्रेक नीट लागत नाही. सूज कायम राहते, आतड्याला जखमा होतात, भिंत आणखी सैल होते आणि पुन्हा जिवाणू आत येतात. असं हे दुष्टचक्र सुरू राहतं.

उपचार इथूनच सापडले

टीएनएफला अडवणारं इन्फ्लिक्सिमॅब हे औषध 1998 मध्ये अमेरिकेत क्रोन्ससाठी मंजूर झालं. पण टीएनएफच शरीरात दडलेल्या टीबीलाही आवरून धरतो. म्हणून हे औषध सुरू करण्याआधी टीबीची तपासणी करतात. भारतात ही तपासणी विशेष महत्त्वाची आहे, कारण आतड्याचा टीबी आणि क्रोन्स यांची लक्षणंही सारखीच दिसतात. निदान चुकलं, तर उपचारच उलटू शकतो.

त्यामुळे शौचातून रक्त जात असेल तर अंगावर काढू नये. आणि बरं वाटलं म्हणून स्वतःहून औषध बंद करू नये, कारण त्रास थांबला तरी आतली सूज धुमसत असू शकते.