माशांच्या खाद्यातील तेल : कोणत्या माशाला कोणते?

मत्स्यशेतीत खाद्य देऊन मासे वाढवावयाचे तर खर्चाचा मोठा वाटा खाद्यावरच पडतो. खाद्य निवडताना प्रथिनांचा विचार केला जातो. तेलाकडे मात्र सहसा दुर्लक्ष होते. तेल हे केवळ शक्ती पुरविणारे द्रव्य नव्हे. त्यातील काही मेदाम्ले पेशींची आवरणे घडविण्यास आवश्यक असतात. माशाच्या शरीरात ती मुळापासून तयार होत नसल्याने आहारातूनच मिळावी लागतात. ती कमी पडल्यास वाढ खुंटते, पर झिजतात आणि मरतूक वाढते.

गोड्या व खाऱ्या पाण्यातील फरक

सर्वच माशांची गरज सारखी नसते. सायप्रिनस माशाच्या खाद्यात लिनोलेइक व लिनोलेनिक ही मेदाम्ले प्रत्येकी सुमारे १ टक्का असली म्हणजे पुरे होते. त्यांपासून पुढील लांब साखळीची मेदाम्ले तो स्वतः तयार करतो. समुद्रातील बहुतेक मांसाहारी माशांना हे पुरेसे साधत नाही. त्यांना ईपीए व डीएचए ही ओमेगा-३ मेदाम्ले तयार स्वरूपातच द्यावी लागतात. ती मुख्यतः सागरातील सूक्ष्म वनस्पतींत निर्माण होतात आणि लहान माशांमार्फत मत्स्यतेलात उतरतात. म्हणूनच अशा माशांच्या खाद्यात मत्स्यतेलाला महत्त्व आहे.

गावतळ्यांसाठी काय योग्य?

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील मालगुजारी तलावांत कटला, रोहू व मृगळ वाढविले जातात. या माशांसाठी महाग मत्स्यतेल विकत घेण्याचे कारण नाही. पाण्यातील सूक्ष्म प्राणी व वनस्पतींतून त्यांना ओमेगा-३ मेदाम्ले मिळतात. शेणखत बेताने घालून हे नैसर्गिक खाद्य टिकविता येते. भाताचा कोंडा व भुईमुगाची पेंड हे पूरक खाद्य होय. मात्र भुईमुगाच्या तेलात लिनोलेनिक अम्ल जवळजवळ नसते. मासे दाट सोडले असतील व नैसर्गिक खाद्य अपुरे असेल, तेथे ही उणीव जाणवते. विदर्भात पिकणाऱ्या जवसाच्या तेलात हे अम्ल निम्म्याच्या आसपास असते. थोड्या प्रमाणात ते उपयोगी पडते.

खवटपणाचा धोका

तेल कोणतेही असो, ते ताजे हवे. गिरणीतून निघालेल्या कोंड्यातील तेल थोड्याच दिवसांत खराब होऊ लागते. खवट तेल खाद्यातील ‘ई’ जीवनसत्त्वाचा नाश करते. जपानमध्ये रेशीमकोशांतील किडे खवट झालेले असताना खाऊ घातल्याने सायप्रिनस माशांच्या पाठीचे स्नायू झिजल्याचे आढळले. ‘ई’ जीवनसत्त्व दिल्यावर हा विकार टळला. यास्तव कोंडा व पेंड लागेल तेवढीच आणावी, कोरड्या व सावलीच्या जागी ठेवावी आणि वास आलेला माल तळ्यात टाकू नये.

मर्यादित साठा

मत्स्यतेल अमर्याद नाही. पेरूच्या किनाऱ्यावरील अँकोव्हेटा मासा हा त्याचा एक प्रमुख स्रोत होय. २०२३ मध्ये तेथील उत्तर-मध्य किनाऱ्यावरील पहिला हंगाम रद्द झाला आणि जगभर भाव चढले. तेव्हा ज्या माशांना त्यावाचून गत्यंतर नाही, त्यांच्यासाठीच ते राखणे इष्ट आहे. तळे ठेक्याने देणाऱ्या ग्रामपंचायतींनी व मच्छीमार सहकारी संस्थांनी मासा कोणता आणि त्याची गरज कोणती, हे पाहूनच खाद्य ठरविले, तर खर्चही आटोक्यात राहील आणि उत्पादनही वाढेल.