समुपदेशकाच्या खोलीत नेमकं काय होतं?

"सर, मी काही वेडा नाही!" कॉलेजातल्या समुपदेशकांना भेट म्हटलं की हे वाक्य हमखास ऐकू येतं. घरी कळेल ही भीती वेगळीच.

म्हणून मुलांना आधी तिथे काय होतं ते सांगावं. समुपदेशक गोळ्या देत नाहीत. ऐकतात, प्रश्न विचारतात. परीक्षेची धास्ती, राहिलेले विषय, होस्टेलात न लागणारी झोप, एवढं कारणही पुरतं. औषधांची गरज वाटली तर ते मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतात. बोललेलं गुप्त राहतं. मात्र जिवाला धोका दिसला तर इतरांना सांगावं लागतं, हेही आधीच सांगा. नाहीतर मूल पुन्हा कुणाशी बोलणार नाही.

१०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांनी प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितलं. पण ती खोली स्टाफरूमच्या समोरच असेल तर कोण जाईल? अशा वेळी टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक द्या. मोफत, चोवीस तास, मराठीतही.

पहिल्या वेळी मी विद्यार्थ्याबरोबर दारापर्यंत जातो. आणि पालकहो, तो घरी आल्यावर "काय काय बोललास?" नको. "जेवतोस ना?" एवढंच विचारा.