थरथरत्या जमिनीचे आकडे

नोव्हेंबर २०१८ पासून पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी तालुक्यांत, विशेषतः धुंदलवाडीच्या परिसरात, भूकंपांची मालिका सुरू झाली आणि १ फेब्रुवारी २०१९ रोजी ४ हून अधिक तीव्रतेचा धक्का बसला. घरांना तडे गेले, अनेक कुटुंबांनी रात्री तंबूंत काढल्या, आणि दिल्ली व हैदराबाद येथील भूकंपसंशोधन संस्थांनी या भागात भूकंपमापक बसवले.

भूकंपमापक जमिनीच्या हालचालीचे विद्युतदाबात रूपांतर करतो, डिजिटायझर त्या दाबाचे आकडे करतो, आणि त्यातील एम्बेडेड प्रोसेसर, म्हणजे ठरावीक कामासाठी यंत्रातच बसवलेला छोटा संगणक, त्या आकड्यांना उपग्रहाकडून मिळालेली अचूक वेळ जोडून ते मुख्य संगणकाकडे धाडतो. तीन दिशांचे सेकंदाला प्रत्येकी १०० नमुने घेऊन प्रत्येक नमुना ४ बाइटांत ठेवला, तर सेकंदाला १२०० बाइट तयार होतात. ९६०० बॉडच्या, म्हणजे सेकंदाला ९६०० बिट वाहणाऱ्या, सिरीयल जोडणीवर प्रत्येक बाइटामागे आरंभाचा व अखेरचा असे दोन बिट जादा जात असल्याने सेकंदाला जेमतेम ९६० बाइट पलीकडे पोहोचतात, आणि १,१५,२०० बॉडवरही एका दिवसाची नोंद उतरवण्यास अडीच तास लागतात.

इथरनेटने ही कोंडी केंद्रापुरती सुटते. दूरच्या पाड्यावरून मोबाइलच्या क्षीण जाळ्याने नोंद पुढे पाठवताना ती पुन्हा उभी राहते. म्हणून वेग प्रोसेसरच्या कामातूनच मिळवावा लागतो. नोंद पुडक्यांत, म्हणजे ठरावीक आकाराच्या तुकड्यांत, जाते; प्रत्येक पुडक्याची पोच येईपर्यंत थांबण्याऐवजी तो अनेक पुडकी सलग पाठवतो व हरवलेले तेवढेच पुन्हा देतो. त्याहून देखणी युक्ती जोसेफ स्टाइम यांच्या नावाने ओळखली जाते: पूर्ण आकड्याऐवजी आधीच्या नमुन्याशी असलेला फरक तेवढा लिहायचा. जमीन शांत असताना हा फरक एका बाइटात मावतो, त्यामुळे एकही नमुना न गमावता नोंद जवळजवळ चौथाईवर येते.

अडचण अशी की धक्का बसताच फरक मोठे होतात, आकुंचन ढिले पडते आणि नोंद सर्वांत मोलाची असते तेव्हाच ती सर्वांत जड होते. शांत काळात एका दिशेच्या नमुन्यांचे ५१२ बाइटांचे एक पुडके भरण्यास सुमारे चार सेकंद लागतात, तर दहा किलोमीटरवरच्या भूकंपात पहिल्या सौम्य लहरीनंतर विध्वंसक लहर साधारण सव्वा सेकंदातच येते. त्यामुळे उगमाजवळच्या गावांना पूर्वसूचना देणे निव्वळ वेगवान जोडणीने साधत नाही. मात्र वेळ नमुन्यांसोबतच नोंदलेली असल्याने उशिरा पोहोचलेली नोंदही उगमस्थान व खोली ठरवण्यास पुरेशी ठरते, हरवलेली नोंद मात्र कायमची जाते. म्हणून या जोडणीची क्षमता शांत दिवसाच्या सरासरीवर न बेतता धक्क्याच्या क्षणाच्या भारावर बेतणे, आणि जाळे तुटले तरी नोंद धरून ठेवणारी स्मृती यंत्रात राखणे, ही या गावांच्या सुरक्षिततेशी निगडित असलेली अभियांत्रिकीची पहिली जबाबदारी आहे.